तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल कसली करताय?

पावसाळा लागला की सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत तोच तमाशा. ताप इलो? काढ रक्त, कर विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी! अहो, विडाल टायफॉइडचे जंतू शोधतच नाही. शोधते त्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आणि त्या दिसण्याइतक्या वाढायला आठवडाभर तरी जातो. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाही असं होत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तर ती मागच्या तापाची किंवा लसीची शिल्लकही असू शकते. धडधाकट माणसातही १:८० सापडतं, म्हणजे रक्तातलं पाणी (सीरम) ऐंशीपट पातळ केलं तरी विडाल पॉझिटिव्ह. मलेरियातसुद्धा विडाल खोटी पॉझिटिव्ह येते, पण मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी आधी बघायला कोणाला वेळ आहे!

त्यात ती स्लाइडवरची घाईची विडाल. पेशंटचं सीरम आणि अँटिजेन (टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचं द्रावण) मिसळा, एक मिनिट हलवा, मिनिट झालं की लगेच वाचा: दाणे धरले तर पॉझिटिव्ह. इथे चार पेशंटचे थेंब ओळीने मांडून माणूस फोनवर. परत येतो तोवर कडा सुकलेल्या. सुकलं की खोटे दाणे दिसतात. लिहा पॉझिटिव्ह! अँटिजेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं; रात्रभर लाईट नव्हती तेव्हा फ्रिज कोणी उघडून बघितला? आणि रिपोर्टवर टीओ, टीएच या दोन अँटीबॉडीजचे आकडेच नाहीत, नुसतं 'पॉझिटिव्ह'.

खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघणं. तीसुद्धा अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त लागतं, कारण रक्तात जंतू मुळातच विरळ असतात. हे लोक दोन मिली घालणार, तेही तीन दिवस गोळ्या खाल्ल्यावर, वर बाटली फ्रिजमध्ये कोंबणार! ती बाहेरच ठेवायची असते हो. मग कल्चर निगेटिव्ह आलं की 'कल्चरचा काय उपयोग' म्हणायला मोकळे. नीट केलं तरी जवळपास निम्म्या केसेस हुकतात, त्यात ही भर.

सगळ्यात संताप कशाचा, तर लावणीच्या चिखलात गुडघाभर उभ्या राहिलेल्या माणसाला विडालच्या चिठ्ठीवर टायफॉइड ठरवून मोकळं होण्याचा. पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, लघवी कमी, तरी लेप्टोचं, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, नाव कोणी काढत नाही.

आणि ताप उतरल्यावर 'बघूया गेला का' म्हणून पुन्हा विडाल! अँटीबॉडी महिनोन् महिने राहतात. ती पॉझिटिव्ह येणारच, आणि बऱ्या झालेल्या माणसाच्या बोकांडी गोळ्यांचा दुसरा कोर्स.