‘डाउन’ म्हणजे दक्षिण नव्हे

कोकणातल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी ‘डाउन’ हा शब्द नकाशावरून आला, नकाशात दक्षिण खाली, म्हणून दक्षिणेकडची गाडी ‘डाउन’, पुढे त्याला ‘हलक्या प्रतीचं’ हा अर्थ चिकटला आणि ‘डाउन सिंड्रोम’ हे एका जन्मजात स्थितीचं नाव त्यातूनच पडलं. यातलं एकही विधान खरं नाही. शेवटचं तर माणसांना दुखावणारं आहे.

आधी शब्द. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे डोंगर, ‘ऑफ डूने’ म्हणजे डोंगरावरून. त्यातला आधीचा ‘ऑफ’ झिजत गेला आणि उरलेल्या ‘डूने’चं ‘डाउन’ झालं. दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्यांना आजही ‘साउथ डाउन्स’ म्हणतात, ते त्याच ‘डून’मुळे. उत्तर वर काढायची रीत तेव्हा पक्की नव्हतीच; अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रीसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर आहे. ‘खाली’ डोंगरावरून ठरतं, हे आपल्याला तरी उमगायला हवं. रत्नागिरीचा माणूस कोल्हापूरला निघाला की ‘घाटावर’ जातो. सह्याद्रीच्या पायथ्याची ती वलाटी, समुद्राकडची ती खलाटी. आपलं ‘खाली’ पश्चिमेला आहे, आणि ते डोंगरउतारानं ठरलंय.

गाड्यांबाबत नुसती कोकण रेल्वे पाहिली तर फसगत होते, कारण मडगावकडे जाणारी गाडी डाउन आहे आणि जातेही दक्षिणेला. पण विरारहून चर्चगेटला जाणारी लोकल दक्षिणेलाच धावते, ती ‘अप’. पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईला येणारी डेक्कन क्वीन, तीही ‘अप’. म्हणजे दिशा नाही, उंचीही नाही. साधारणपणे मुख्य शहराकडे येणारी अप, तिथून निघणारी डाउन. ही ब्रिटिशांची रीत. एडिंबराहून दक्षिणेला लंडनकडे जाणारी गाडी तिथेही ‘अप’च.

आता डाउन सिंड्रोम. इथला ‘डाउन’ हे आडनाव आहे. जॉन लँगडन डाउन या इंग्लिश डॉक्टरांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यांच्यावरून हे नाव. कारण कळलं १९५९ मध्ये: एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा, तिसरी प्रत. म्हणूनच जागतिक डाउन सिंड्रोम दिवस तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला असतो. नावात ‘खालचा’, ‘कमी’ असं काहीही नाही. अशा मुलाची आई तुमच्याच वाडीच्या ग्रुपवर असू शकते आणि तो मजकूर तिनंही वाचलेला असू शकतो. तुम्ही तो पुढे पाठवला असेल तर दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाका, आजच.