गुडघ्यातलं ग्रीस आणि बाभळीच्या शेंगा, जरा खुलासा

आमच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की चाळीशीनंतर गुडघ्यातलं ग्रीस संपतं म्हणून कटकट आवाज येतो, आणि बाभळीच्या शेंगांची पावडर दुधातून घेतली की ते परत भरतं. असं काही होत नाही हो.

गुडघ्यात वंगण असतं हे खरं, पण ते असतं जेमतेम काही मिली, आणि सांध्याच्या आतलं पातळ अस्तर ते सतत तयार करत असतं. उलट झीज झालेला गुडघा सुजतो तेव्हा आत पाणी वाढलेलं असतं, डॉक्टर सुईने काढतात ते हेच, म्हणजे संपलं कुठे? झिजते ती कूर्चा, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. तिला स्वतःचा रक्तपुरवठाच नाही, तिचं पोषण याच पाण्यातून होतं, आणि त्यासाठी गुडघा हलावा लागतो, त्यामुळे दुखतंय म्हणून महिनोन्महिने बसून राहणं सगळ्यात वाईट.

आवाजाचं म्हणाल तर दुखत नसेल, सूज नसेल तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नाही, पाण्यातल्या गॅसच्या बुडबुड्यांनीही तसं होतं. पण गुडघा अडकत असेल, चालताना एकदम दगा देत असेल तर मेनिस्कस (दोन हाडांमधली कूर्चेची गादी) किंवा लिगामेंटला (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) इजा असू शकते, तिथे पावडर घेत वेळ घालवू नका, ऑर्थोपेडिककडे जा.

आणि मांडीचे व्यायाम करा, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडं धरायचं, हळू खाली. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो.