स्टॉल स्पीड एकट्या कन्व्हर्टरवर ठरत नाही

‘ताकदवान मसल कारला ३५०० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर डोळे झाकून बसवा’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधला, ऑइलमधून ताकद पोचवणारा भाग. गाडी ब्रेकवर धरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन ज्या आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) अडकतं, तो त्याचा स्टॉल. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला की स्टॉल वर सरकतो. मग कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला, गाडीचं वजन किती, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो काय, हे न विचारता आकडा कसा सांगता येईल? कॅम गाडीच्या कंपनीनं बसवलेलाच असेल तर खाली, कमी आरपीएमला, भरपूर ओढ असते, ती ३५०० च्या नादात वाया जाते.

आणि उष्णतेचं काय? मी संभाजीनगरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीच कामं करतो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे, जालना रोडवर सिग्नलमागून सिग्नल. कन्व्हर्टर जितका घसरतो (इंजिन फिरतं, पण गिअरबॉक्स तेवढा फिरत नाही) तितकी उष्णता थेट ऑइलमध्ये जाते. अशा गाडीची डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसली की काळपट डाग पडतो, जळका वास येतो. तोवर क्लच प्लेटा गेलेल्या असतात. वेगळा ऑइल कूलर आणि लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरचं घसरणं थांबवणारा) यांवर लेखात एक ओळ नाही, ही मोठी उणीव आहे. रोज चालवायच्या, सौम्य कॅमच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला लॉक-अपवाला २४०० ते २८०० स्टॉलचा पुरतो, पण कूलर आधी लावा.