डिस्क एका मिनिटात झोपवा म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय, "लिनक्सवर एचडीपार्म -एस १२ मारा, हार्डडिस्क एका मिनिटात झोपेल, लाइट बिल घटेल, डिस्क दुप्पट टिकेल, बाकीचं कर्नल बघून घेतो." (एचडीपार्म ही डिस्कची सेटिंग बदलायची कमांड, झोपणं म्हणजे डिस्कचं फिरणं थांबणं, आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.) चौथ्यांदा आला, म्हणून लिहायला बसलो.

आधी आयुष्याचं, खरा घोळ तिथेच आहे. डिस्क थांबली की हेड (डेटा वाचणारे-लिहिणारे टोक) बाजूला जातात आणि परत फिरली की खाली येतात, आणि हे किती वेळा करायचं याला मर्यादा असते, बऱ्याच डेस्कटॉप डिस्कला ३ लाख वेळा. आता सिस्टीम ज्या डिस्कवर आहे तिलाच एक मिनिटाचा टायमर लावलात तर कुठली तरी लॉगची ओळ नाहीतर ब्राउझरची कॅश येतेच आणि पुन्हा गरगर सुरू. पाच मिनिटांत एकदा जरी धरलं तरी दिवसाला २८८, वर्षाला लाखाच्या वर, म्हणजे तीन वर्षं पुरी व्हायच्या आत कोटा खल्लास. २००७ साली उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) लॅपटॉपवाल्यांनी याचसाठी बोंब मारली होती, तिथे डिस्क थांबत नव्हती, नुसते हेडच सारखे पार्क होत होते तरी लोड सायकल काउंट, म्हणजे हेडच्या या ये-जा चा आकडा, धडाधड चढत होता.

लाइट बिल? साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरताना ५ वॅटच्या आसपास खाते, झोपली की १ च्या आत-बाहेर. चोवीस तास झोपली तरी महिन्याला ३ युनिट वाचतील. ९ वॅटचा बल्ब रोज दहा-अकरा तास बंद ठेवा, तेवढेच.

आणि "कर्नल बघून घेतो" हे तर साफ चूक, -एस चा टायमर डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये (डिस्कच्या आतल्याच प्रोग्राममध्ये) चालतो, कर्नलचा त्यात हात नाही. कर्नलचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट (वापरात नसलेलं उपकरण झोपवायची सोय) वेगळं, आणि डिस्कसाठी त्याचा ऑटोसस्पेंड डिले, म्हणजे किती वेळाने झोपवायचं तो आकडा, सहसा उणे १ असतो, म्हणजे बंदच. काहीजण साटा लिंक पॉवर सेटिंगलाच स्पिनडाउन, म्हणजे डिस्क थांबवणं, समजतात, त्यात फक्त लिंक (डिस्क आणि कॉम्प्युटरमधली जोडणी) झोपते, डिस्क फिरतच राहते. (एसएसडीवाल्यांनी हा मेसेज वाचूच नये, तिथे फिरायला काही नाही.)

बॅकअपची वेगळी डिस्क असेल तर मात्र झोपवाच, पण -एस २४२ ने, म्हणजे एक तास. स्मार्टडी (डिस्कची तब्येत तपासत राहणारा प्रोग्राम) चालू असेल तर त्याला -एन स्टँडबाय द्या, नाहीतर तब्येत विचारायला दर अर्ध्या तासाला तोच तिला उठवेल.