नुसत्या नायट्रेटवरून गटाराला दोष नको

विहिरीत नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही वाढलेत, म्हणजे गटारच झिरपतंय, असं विहिरीच्या पाण्यावरच्या लेखात म्हटलंय. मला ही घाई वाटते. गिरगावात आमच्या चाळीच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं तेव्हा आम्हीही हेच धरून चाललो होतो. पण समुद्र दोन पावलांवर आहे, क्लोराइड तिथूनही येतं.

खरा माग आयसोटोपने, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून लागतो. हवेतल्या नायट्रोजनपासून बनलेल्या खताच्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन-१५ चं (जड नायट्रोजनचं) मूल्य, म्हणजे हवेच्या तुलनेतला फरक, शून्याच्या आसपास असतं, मैल्यातून आलेल्यात साधारण +१० ते +२० प्रति हजार. मात्र एक गोम आहे. ऑक्सिजन कमी असेल तिथे जीवाणू आधी हलका नायट्रोजन संपवतात आणि उरलेलं नायट्रेट जड होत जातं, म्हणजे खताचं पाणीही मैल्यासारखं दिसू शकतं. म्हणून त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) सोबत मोजावा लागतो. दोन्ही एकत्र वाढले तर जीवाणूंकडून नायट्रेटचं विघटन चालू आहे असं समजायचं. खाऱ्या पाण्यासाठी बोरॉन बघा: समुद्राच्या पाण्यात बोरॉन-११ चं मूल्य सुमारे +३९ ते +४० प्रति हजार, डिटर्जंटमिश्रित सांडपाण्यात त्याहून खूप कमी.

मुंबईत नळाला येणाऱ्या तलावाच्या पाण्याचं बाष्पीभवन झालेलं असतं, त्याची खूण ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या आयसोटोपमध्ये उरते. त्यामुळे नळाची फुटकी लाइन विहिरीत झिरपत असेल तर तेही कळू शकतं. लेखकाने हे नमुने मेमध्ये घेतले की पावसाळ्यानंतर, ते कृपया सांगावं. आमच्याकडे दोन्ही वेळचं पाणी अगदी वेगळं लागतं.