चहा प्यायलात? झालात पर्यटक!

सोलापूर जिल्ह्यात पर्यटनाला किती महत्त्व आहे, हे तुम्हाला आकड्यांत सांगायचंय ना? मग पहिलं पथ्य पाळा. पंढरपूरला जायचं नाही, आषाढीत तर मुळीच नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहिलं की माणसं दिसतात, आणि माणसं दिसली की आकड्यांवरची श्रद्धा डळमळते. त्यापेक्षा पंख्याखाली बसा. माहिती सगळी सरकारी आणि फुकट आहे.

राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक धंद्याला क्रमांक देणारी सरकारी यादी, उघडा. 55 क्रमांकाखाली राहण्याची सोय, 56 खाली खाणंपिणं. ‘पर्यटन’ असा क्रमांक शोधत बसू नका, तो नाहीच. काय विकलं यावरून धंद्याला क्रमांक मिळतो. पर्यटन मात्र गिऱ्हाईक कुठून आलं यावरून ठरतं, आणि गिऱ्हाइकाचं गाव तिथं कुणी विचारत नाही. एवढ्या खोलात तुम्ही तरी कशाला शिरता? 55 आणि 56 ची बेरीज मारा आणि वर मथळा द्या: पर्यटन.

आता आपल्याकडं हॉटेल कशाला म्हणतात, ते मी सांगायला नको. चार बाकडी, एक शेगडी, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, झालं हॉटेल! सोलापुरात सात रस्त्याजवळच्या अशाच एका मालकाला मी विचारलं, टुरिस्ट किती येतात? तो म्हणाला, “टुरिस्ट कुठले ओ हितं? कोर्टात तारीख असली की येतात माणसं.” त्याचं मनावर घेऊ नका. तो 56 मध्ये आहे. म्हणजे त्याच्याकडं रोज सकाळी पेपर वाचत अर्धा कप चहा पिणारे शेजारचे काकाही तुमच्या पर्यटनाला हातभार लावताहेत.

कर्नाटकातल्या इंडीकडून पेशंट घेऊन सोलापुरात आलेले नातेवाईक लॉजवर चार रात्री काढतात, ते 55 मध्ये. आणि यांना तर आंतरराष्ट्रीय व्याख्याही पर्यटकच म्हणते: नेहमीचा परिसर सोडून आलेला, वर्षाच्या आत परतणारा, इथं पगारी नोकरीला न आलेला. आयसीयूबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या माणसाला हे जरूर सांगा. तेवढाच धीर येईल.

उलट वारकऱ्याचं बघा. देहू-आळंदीहून चालत येणार, पंढरपुरात मठात नाहीतर ‘65 एकर’ नावाच्या मैदानातल्या तंबूत झोपणार, अन्नदानाच्या पंगतीत जेवणार. खोली नाही, बिल नाही. अक्कलकोटच्या अन्नछत्रात पोटभर जेवलेल्या भक्ताचीही तीच तऱ्हा. धार्मिक संस्थांचा क्रमांक 94, तुमच्या बेरजेत तो नाही. जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसं ज्याच्यासाठी येतात, तो विठोबा विटेवर उभा आहे. तुमच्या तक्त्यात उभं राहायला त्याला वीट नाही.

पुढची पायरी ‘स्थान-गुणांक’. नाव भारदस्त, पण आहे साधा भागाकार: धंद्याचा जिल्ह्यातला वाटा भागिले राज्यातला वाटा. समजा जिल्ह्यात शंभर कामगारांत चार जण हॉटेल-लॉजात आहेत आणि राज्यात पाच, तर गुणांक 0.8. एकाच्या खाली, म्हणजे राज्याच्या मानानं कमी! घाबरू नका. पर्यटक वाढवायची गरज नाही, बाकीचे धंदे घटले तरी गुणांक चढतो. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या सोलापूरच्या कापडगिरण्या बंद पडल्या, हजारो हात रिकामे झाले. एकही पर्यटक न येता हॉटेलांचा वाटा तेवढा जड झाला. यंत्रमाग अजून चालू आहेत, हीच काय ती अडचण.

कामगारांचा आकडा आर्थिक गणनेतून, म्हणजे धंद्यांच्या सरकारी मोजणीतून घ्या. सहावी गणना 2013 ची. मधे करोना येऊन गेला, असू दे. उत्पन्नाचा आकडा हवा असेल तर जिल्हा उत्पन्नाचे अंदाज आहेत. त्यातले बरेच आकडे राज्याचा आकडा कामगारांच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटून काढलेले असतात. राज्यातून जिल्हा काढायचा आणि मग तोच जिल्हा राज्याशी ताडून बघायचा. उत्तर जुळलं की पद्धत भक्कम आहे असं लिहायचं. एवढंही झेपत नसेल तर 2015-16 च्या ‘पर्यटन उपग्रह लेख्या’तला (पर्यटनाचा वेगळा सरकारी हिशेब) देशाच्या उत्पन्नातला पर्यटनाचा वाटा, सुमारे 5.1 टक्के, उचला आणि जिल्ह्याच्या उत्पन्नाला गुणा. गोवा असो, गडचिरोली असो, गुणाकार सारखाच.

हद्दीचं तेवढं सांभाळा. पुण्याहून निघालेली जीप पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर असं एका दमात करते. तुळजापूर धाराशिवात, गाणगापूर कर्नाटकात, आणि जीपचं भाडं पुण्यात. आपल्या वाट्याला उरली शेंगा चटणी. तीही किरकोळ व्यापारात मोजतात.

अहवाल तयार झाला की प्रकाशन होटगी रोडवरच्या एखाद्या बऱ्या हॉटेलात ठेवा. पाहुणे मुंबईहून बोलवा, रात्री मुक्कामाला ठेवा. खोल्यांचं बिल 55 मध्ये, जेवणाचं 56 मध्ये.