सहा बाजू, सातवी माझी

‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ हा अल्बम चार माणसांत लावायचा असेल, तर यजमानाने आपली खुर्ची रेकॉर्ड प्लेअरच्या शेजारीच ओढून घ्यावी. तीन तबकड्या, सहा बाजू. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं, तबकडी कडेला धरून पालटायची, ब्रश दोन फेऱ्यांपुरता टेकवायचा आणि सुई काठाच्या कोऱ्या पट्टीवर सोडायची. एवढी उठाबशी मला सोसते. सोसत नाही ते मधलं अर्धं मिनिट. सुई उचलली रे उचलली की मतं सुरू होतात, आणि पारंपरिक कंट्री संगीताबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. पूर्ण ऐकलेला भेटणं त्याहून कठीण.

आधी मामला काय ते सांगतो. ऑगस्ट १९७१, अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधला वुडलँड स्टुडिओ. एका बाजूला निटी ग्रिटी डर्ट बँड, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचची केस वाढवलेली पोरं. समोर मदर मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन आणि रॉय एकफ. गॅदरिंगमधल्या पोरांनी घराण्याघराण्यांचे बुजुर्ग गोळा करून एका सतरंजीवर बसवावेत, असला प्रकार. याच संगीतातले आणखी एक बुजुर्ग, बिल मनरो, यांनी नकार दिला. एकफसाहेब या केसाळ मंडळींकडे संशयानेच बघत होते, पण आले आणि गायले. सगळं थेट दोन ट्रॅकवर, पहिल्या नाहीतर दुसऱ्या टेकमध्ये ध्वनिमुद्रित झालं. नंतर डागडुजी करायची सोयच नाही. १९७२ च्या नोव्हेंबरात या तीन तबकड्या बाजारात आल्या आणि तेव्हापासून लोक भांडताहेत.

आपल्याकडचं पहिलं मत ठरलेलं असतं: “बेंजो जरा जास्त होतोय.” इथे चूक नावाची आहे. आपला बेंजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याचं मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतोत आहे. अर्ल स्क्रग्जचा बँजो पाच तारांचा, चामडी मढवलेल्या डफावर दांडा बसवावा तसा. त्याची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच पाचव्या पडद्याजवळ असते, आणि ती एकाच सुरात टणटणत राहते. सतारीच्या चिकारीसारखी. उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात नख्या चढवून तीन बोटांत आठ स्वरांची फिरकी काढायची, ही स्क्रग्जची करामत. तीन बोटं आणि आठ स्वर यांचा हिशेब सरळ बसत नाही म्हणूनच ठेका असा पुढे ढकलल्यासारखा वाटतो. एवढं समजावून झालं की पाहुणा म्हणतो, “तेच म्हणतोय, बेंजो जास्त होतोय.”

दुसरं मत, “सगळी गाणी सारखीच.” हे मात्र मी खोडून काढत नाही, कारण बरंचसं खरं आहे. नॅशव्हिलचे वादक कॉर्डना नावांऐवजी आकडे देतात: १, ४, ५. आपल्या भाषेत सा, म आणि प यांच्यावर उभ्या केलेल्या तीन कॉर्ड. गायकाने पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. आपल्या पेटीवाल्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. तीन कॉर्ड, दोनाचा नाहीतर तीनाचा ठेका, आणि बहुतेक वेळा कुणीतरी मेलेलं किंवा सोडून गेलेलं. फरक आहे तो हातात. ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ ऐकताना “दुसरी गिटार कोण वाजवतंय?” असं हमखास विचारलं जातं. दुसरी नसतेच. मेबेलबाईंचा अंगठा खर्जाच्या तारांवर चाल वाजवतो आणि तर्जनी पातळ तारांवर खाली-वर केरसुणी फिरवते. याला ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात. नवशिका हे करायला जातो तेव्हा त्याची केरसुणी जोरात फिरते आणि चाल केरात जाते.

डोब्रो नावाच्या गिटारबद्दल मात्र आपली माणसं एकदम हळवी होतात. “अरे, ही तर आपली मींड!” गिटार आडवी ठेवायची, पोटात ॲल्युमिनिअमचा कोन, आणि तारा बोटाने न दाबता पोलादी कांडी त्यांच्यावरून सरकवायची. साधी गिटार वाजवणारा बोट पडद्याच्या किंचित मागे दाबतो. कांडी मात्र पडद्याच्या बरोब्बर डोक्यावर हवी, केसभर मागे राहिली की सूर उतरलाच. ही कांडीची रीत हवाई बेटांवरून आलेली. अल्बममधल्या डोब्रोच्या एका तुकड्याचं नावच ‘सेलिन ऑन टू हवाई’ आहे. तिथूनच ती भारतातही पोचली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर रागच वाजवला. तेव्हा “आपली मींड” हे मत चुलतभावाच्या नात्याने मान्य. सख्ख्या नाही.

आता सगळ्यात अवघड मताकडे येतो. एखादा श्रोता डोळे मिटून म्हणतो, “काय भारदस्त, संथ गायकी आहे!” अशा वेळी त्याची गायकीची जाण तपासू नये, त्याचा प्लग तपासावा.

अमेरिकेतून कुणीतरी हौसेने आणलेला जुना रेकॉर्ड प्लेअर असतो. घरी ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडतात आणि काम झालं असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते ते) नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि जुन्या सिंक्रोनस मोटारीचा वेग हर्ट्झवरच ठरतो. त्यामुळे तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्या घेते. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंद चालतं. पांढरी पाचला मिळवलेला बँजो पांढरी तीनला येतो, वर आणखी थोडा उतरलेलाच. मेबेलबाईंचा आवाज आधीच खालचा. त्या थेट कीर्तनकारबुवा होतात. जिमी मार्टिनची चढी, टोकदार गायकी एकदम चिंतनशील वाटू लागते. अशा यंत्रावर कित्येक वर्षं ऐकलेल्या माणसाला योग्य वेगाची तबकडी ऐकवली तर तो म्हणतो, “हे उथळ आहे. मूळ रेकॉर्डिंग वेगळं होतं.”

तपासायची रीत सोपी आहे. तबकडीच्या मधल्या लेबलवर कागदाचा कपटा ठेवायचा आणि शंभर फेऱ्या मोजायच्या. बरोबर तीन मिनिटं लागली तर यंत्र ठीक. तीन मिनिटं छत्तीस सेकंद लागली तर हर्ट्झचा घोळ. मोटारीच्या दांडीवरची पुली काढून ५० हर्ट्झची बसवायची, तिचा व्यास एकपंचमांशाने मोठा असतो. यांच्या मधलं काही आलं तर बहुधा तबकडी फिरवणारा मोटारीचा पट्टा सैल झालाय. डीसी मोटारीच्या प्लेअरला हर्ट्झचा हा आजार होत नाही, त्याला आणखी वेगळे होतात.

मोजणी झाली की माणूस उलट्या दिशेने बिघडतो: त्याला सगळीकडे यंत्राचाच दोष दिसायला लागतो. ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ सुरू झालं की तो ताडकन उठतो. “बघ! पट्टा घसरला!” घसरला नाही. त्या रचनेत बँजोची तार वाजता वाजताच उतरवून पुन्हा चढवतात. त्यासाठी स्क्रग्जने खुंट्यांजवळ वेगळी कळ बसवून घेतली होती. कळीला दोन थांबे असतात, एक वरच्या सुराला आणि एक खालच्या. थांब्याचा स्क्रू सैल असला की तार उतरते ती परत जागेवर येतच नाही, आणि मग पाहुण्याचं मत बरोबर ठरतं. या अल्बममध्ये ती येते.

अल्बममध्ये गाण्यांच्या मधे ठेवलेल्या वादकांच्या गप्पांवरून दोन तट आहेत. मर्ल ट्रॅव्हिस आणि डॉक वॉटसन यांची पहिली भेट अल्बममध्ये जशीच्या तशी आहे. डॉकने आपल्या मुलाच्या नावात ‘मर्ल’ घातलं होतं ते याच ट्रॅव्हिसवरून. एक तट म्हणतो, गप्पा कापायला हव्या होत्या. दुसरा तट गाणी चालू असताना गप्पा मारतो आणि गप्पा लागल्या की “श्शू!” करतो. मी दुसऱ्या तटात आहे.

सर्वांत कडवे ते शुद्धतावादी. त्यांचा पहिला आक्षेप नावावरच. कार्टर कुटुंबाची १९३५ ची रेकॉर्ड ‘कॅन द सर्कल’ अशी आहे, मग इथे ‘विल’ कुठून आलं? त्यांना सांगावं की मूळ भजन १९०७ चं आणि त्यात ‘विल’च आहे, म्हणजे बदल केला तो कार्टर मंडळींनी. यावर शुद्धतावादी थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, “पण तो बदल पारंपरिक आहे.”

दुसरा आक्षेप शेवटच्या तुकड्याला. सहाव्या बाजूवर सगळे मिळून मुख्य गाणं गातात, डोळे पाणावतात, आणि त्यानंतर अर्लचा अठरा वर्षांचा मुलगा रँडी एकटा गिटारवर वाजवतो ते ‘बोथ साइड्स नाऊ’. जोनी मिचेलचं, म्हणजे कॅनडाच्या बाईंचं, १९६० च्या दशकातलं. शुद्धतावादी हा तुकडा यायच्या आत सुई उचलतो. निदान खटक्याने उचलावी. बोटाने उचलायला गेलं की ती निसटते आणि नेमकी मुख्य गाण्यातल्या अंत्ययात्रेच्या कडव्यावर ओरखडा काढते.

माझं विचाराल तर मला तो तुकडा आवडतो. पण हे मत मांडायला मला कधी वेळ मिळत नाही. इकडे सहावी बाजू संपून मंडळी चपला शोधत असतात, आणि त्याच वेळी ६० हर्ट्झवाल्या घरात पाचवी बाजू नुकती संपलेली असते. तिथला यजमान सहावी लावायला उठतो आणि म्हणतो, “आता नीट ऐका. हे फार सावकाश म्हटलंय.”